ओटीपी आला का?

माझा मोबाईल दिवसातून साठ-सत्तर वेळा वाजतो, आणि त्यातलं एकही वाजणं माझ्यासाठी नसतं.

हे मी कौतुकानं सांगत नाहीये. कळस गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून जे ई-सेवा केंद्र आहे, ते मी चालवते. राहते बारामतीत. सकाळच्या एसटीनं येते, संध्याकाळी पावणेसहाच्या एसटीनं परत. नाव आसावरी, वय एकतीस, लग्न नाही. हे सगळं गावानं पहिल्या आठवड्यातच विचारून घेतलं होतं, तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून टाकते.

तर मोबाईल. गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल नाही, किंवा आहे पण तो पुण्यातल्या मुलाच्या खिशात आहे, त्यांच्या अर्जावर नंबर कुणाचा टाकायचा? असं करू नका म्हणून मला प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं. पण समोर सारजाआजी काठी टेकून उभी असते, भर उन्हात चालत आलेली, आणि दहा आकडे भरल्याशिवाय पोर्टल तसूभर पुढे सरकत नाही. मग काय, टाकला आपला. असं होता होता त्रेचाळीस जण झाले. त्रेचाळीस घरांचे ओटीपी माझ्या मोबाईलवर येतात.

चव्वेचाळिसावा अविराज.

तो आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं, कुणाचं तरी जेवण चुकून इकडे आलं.

"मोबाईल हाय," तो म्हणाला, आणि झाकण उघडून दाखवलं. तांदळात पुरलेला मोबाईल. "शेततळ्यात पडला. दोन दिस झालं. कोण म्हणलं तांदूळ पाणी शोषतो."

"मग चालू झाला?"

"न्हाय. तांदूळ मातुर खराब झाला."

मला हसू आलं. मी ते दाबलं, कारण बाहेर अकरा माणसं रांगेत होती आणि शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता. वडील कुंडलिक गेल्या वर्षी वारले, जमीन आता ह्याच्या नावावर. दोन एकर पेरू, एक विहीर. मी भराभर भरत गेले. मोबाईल नंबराच्या रकान्यापाशी अडलं.

"घरात दुसरा नंबर? आईचा?"

"आईकडं फोन न्हाय."

"तुमचा स्वतःचा तरी पाठ आहे का?"

"आपला नंबर आपण कशाला लावतोय?"

मी माझा टाकला. ओटीपी आला, मी मोठ्यानं वाचला, तो एकेक आकडा पुटपुटत ऐकत राहिला. नंतर पावतीवरचा माझा नंबरही त्यानं दोनदा वाचला, आणि डबा काखेत मारून निघून गेला.

तो गेल्यावर मला जाणवलं, ह्या माणसानं मला ताई म्हटलं नाही. कळसमध्ये मला सगळे ताई म्हणतात, सत्तरी ओलांडलेली सारजाआजीसुद्धा. तो काहीच म्हणाला नव्हता. बोलायच्या आधी जरासा थांबायचा, आणि जिथे ताई यायला हवं ती जागा मोकळी सोडायचा.

आता ह्या ओटीपी शब्दाचं सांगायलाच हवं. गावात तो माझ्या केंद्रातून आला, पण केंद्रात काही राहिला नाही. समोर दादासाहेबांची चहाची टपरी आहे, तिथे तो कुठल्याही कामाला जुंपतात. कुणी तुळजापूरला जायचा बेत केला की दुसरा विचारणार, "घरनं ओटीपी आलाय का?" म्हणजे बायकोची परवानगी. आभाळ भरून येतं, नुसतंच गडगडतं आणि थेंब पडत नाही, तेव्हा दादासाहेब वर बघून म्हणतात, "ओटीपी आला, पुढचं पान काय उघडंना." म्हैस रेडकू पुढ्यात आणल्याशिवाय पान्हा सोडत नाही, तर ते रेडकू म्हणजे म्हशीचा ओटीपी. देवळात कौल लावल्यावर फूल उजवीकडे पडलं की, "दिला देवानं ओटीपी, घ्या बोअर."

सारजाआजीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. ती एकदा खुर्चीवर टेकत म्हणाली, "वरनं माझा ओटीपी काय यीना, ताई. तुझ्या मोबाईलवर आला तर दडवून ठिवू नगं."

"आजी, तो आला तरी मी सांगणार नाही. कोणालाही सांगू नका, असं त्यात लिहिलेलंच असतं."

"दडवायचं न्हाय," आजी बोट नाचवत म्हणाली. "दुसऱ्याचं आलेलं दडवू नये कवा."

हे वाक्य पुढे माझ्या अंगाशी येणार होतं. तेव्हा मी नुसती हसले.

आठवड्यानं दुपारी चारच्या सुमारास अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ओटीपी आला का?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कोण बोलतंय?"

"तांदळाचा डबा."

नवा मोबाईल घेतला होता म्हणे. ठिबकच्या जोडण्यांचं पार्सल मागवलं होतं, त्याचा ओटीपी. मी म्हटलं, "अहो, पार्सलवर माझा नंबर कसा?"

"तुमचाच दिला. पाठ झालाय. दुसरा कुठला येत न्हाय मला."

मग हे सुरूच झालं. बारामतीच्या दवाखान्यात त्याच्या आईच्या डोळ्यांची तपासणी, मंगळवारी अकरा वाजता – मेसेज मला. रक्तदान केलं, आभाराचा मेसेज मला. कालव्याच्या पाण्याची पाळी, मला. मी फोन करून कळवायची. नंबर बदलून घ्या म्हणायची. तो म्हणायचा, "करू की निवांत." मलाही काही घाई नव्हती. हळूहळू मला त्याच्या बागेची छाटणी कधी, आईचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, सगळं पाठ झालं.

एके दिवशी पुन्हा चारला फोन.

"ओटीपी आला का?"

"नाही."

"बरं."

तो ठेवेना. मीही ठेवेना. टपरीवर दादासाहेब कप विसळत होते, तेवढाच आवाज.

"कशाचा यायचा होता?" मी विचारलं.

"कशाचा न्हाय..." मग जरा थांबून, "चा झाला का?"

चहा झाला होता. तरी मी "नाही" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. दहा मिनिटांत तो टपरीवरून दोन कप घेऊन दारात हजर. सोबत एक पेरू. त्यांच्याकडे पेरूला झाडावरच फोमची पांढरी जाळी चढवतात आणि वरून पिशवी बांधतात, डाग पडू नये म्हणून. त्यानं ती जाळी माझ्यासमोर हळूच, मोजा काढावा तशी काढली आणि पेरू माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"कापायला सुरी नाही," मी म्हणाले.

"दात हायत की."

मी त्याच्यासमोर चावा घेतला नाही. लाज वाटली. एसटीत खिडकीशी बसून खाल्ला, सबंध, बियांसकट. आणि ती जाळी टेबलाच्या खणात टाकली. फेकायला हात झाला नाही, बस. पुढे तो अधूनमधून पेरू आणत राहिला, त्यांच्याही जाळ्या तिथेच जात राहिल्या.

आता बारामतीतलं घर. दोन खोल्या, वरचा मजला. आई तीन वर्षांपूर्वी गेली. वडील, दत्तोपंत, शाळेतून निवृत्त झाले आणि पुण्याला माझ्या भावाकडे, मोहितकडे राहायला गेले. मोहितला इरा झाली, तिला सांभाळायला घरातलं कुणी हवं होतं. मी म्हटलं, जा बाबा, मी आहे ठीक. ते गेले. सुरुवातीला रोज फोन करायचे, पण ते बोलत असताना माझा मोबाईल टिंग-टिंग करत राहायचा आणि मी "एक मिनिट हं बाबा" म्हणायची. मग ते म्हणाले, "तुझं कामाचं असतं, मी उगाच मध्ये येतो." त्यानंतर फोन कमी झाले. मग थांबलेच. मीही केला नाही. म्हटलं, बघू तरी किती दिवस करत नाहीत. असला हट्ट फार सोपा असतो हो, आणि त्यात कुणाचंच भलं होत नाही.

एका शनिवारी मी ऑनलाईन कंगवा मागवला. घरात तीन कंगवे आहेत. रविवारी दाराशी एक जण पार्सल घेऊन आला, म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा." मी सहा आकडे सावकाश सांगितले. तो "थँक्यू मॅडम" म्हणून जिना उतरला. त्या दोन दिवसांच्या सुट्टीत माझ्याशी तेवढंच एक माणूस बोललं. मी कंगवा हातात धरून बराच वेळ सोफ्यावर बसले होते आणि सोमवारच्या चार वाजण्याची वाट बघत होते. त्या दिवशी मला कळलं, माझं काय झालंय ते.

आणि पुढच्याच आठवड्यात मोबाईलवर मेसेज आला: अविराज कुंडलिक यांची वधू-वर सूचक मंडळात नोंदणी झाली आहे, अभिनंदन.

मी तो मेसेज चार वेळा वाचला. मग उलगडा झाला. त्याची आई, छबूबाई, बारामतीला वधू-वर मेळाव्याला गेली होती. जमीन दाखवायला म्हणून शेतकरी ओळख क्रमांकाचा कागद सोबत नेला. तिथल्या माणसानं फॉर्म भरताना नंबर त्या कागदावरून उतरवला. म्हणजे माझा. बाईला अक्षरओळख नाही, तिला काय कळणार.

तीन दिवसांनी फोन.

"नमस्कार. पिंपळीवरनं मोहनराव बोलतोय. अविराजरावांच्या घरचं कोण बोलतंय?"

हा केंद्राचा नंबर आहे, घरचा देते – एवढं एक वाक्य बोलायचं होतं. इतकं सोपं.

"बोला," मी म्हणाले.

"आमची मुलगी राजनंदिनी. शेतीचं शिकलीया, पदवीधर हाय. आमचा बी भाजीपाला असतोय. आता पोरींना नोकरीवाला पाहिजे असतोय, पर हिचा हट्ट, शेतकरीच नवरा पाहिजे. माळव्यातलं सगळं कळतं तिला..."

बिचारे भरभरून सांगत होते. आणि मला त्या न पाहिलेल्या मुलीचे हात दिसायला लागले, पेरूला जाळ्या चढवणारे. असं स्थळ आजकाल दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही.

"त्यांचं जमलंय," मी म्हणाले.

"व्हय?" मोहनराव थांबले. "बरं, बरं. चांगलं झालं. कुठली मुलगी?"

"बारामतीची."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. वाटलं, एकदाच. पण नंतर आणखी दोन आले, आणि दोघांनाही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलताना आवाजसुद्धा हलला नाही. चारला अविराजचा फोन यायचा, "ओटीपी आला का?" आणि मी म्हणायची, "नाही आला." तोही म्हणायचा, "बरं." त्या दिवसांत तो जरा जास्तच वेळ थांबायचा.

महिनाभरानं छबूबाई स्वतः आली. लहानशी बाई, ऑपरेशनचा काळा चष्मा. केंद्रात कुणी नव्हतं. ती खुर्चीवर बसली आणि पिशवीतून मंडळाची पावती काढली.

"ताई, ह्यावर नंबर बरुबर हाय का बघ गं. पोरगं म्हणतंय, मला एक बी फोन आला न्हाय."

मी पावती हातात घेतली. माझे दहा आकडे.

"दोन एकर पेरू हाय, इहीर हाय. पोराला सुपारीचं बी यसन न्हाय," ती म्हणाली. "तरी महिन्यात कुणी इचारलं न्हाय. काय खोट हाय गं माझ्या पोरात? मी आडाणी, नवरा गेलेला, म्हणून व्हय?" आणि चष्म्याखाली पदर घालून ती रडायला लागली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण निघालं काय, तर "येतील हो फोन. पाणी घ्या." मी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं आणि वर मला आशीर्वाद दिला.

"त्या नंबरातच पायगुण न्हाय," उठताना ती म्हणाली. "उद्या धाडते त्याला. बदलून घे."

त्या संध्याकाळी एसटीत मला सारजाआजीचं बोट दिसत होतं. दुसऱ्याचं आलेलं दडवू नये. मी ओटीपी नव्हता दडवला, तीन फोन दडवून एका बाईच्या जिवाला घोर लावला होता, आणि ते दडवून मला काय मिळणार होतं तेही नीट सांगता येत नव्हतं. त्यानं मला कधी काही म्हटलंही नव्हतं. चहाचे कप आणि थोडे पेरू. एवढ्यावर मी एका माणसाची तीन स्थळं घालवली होती.

दुसऱ्या दिवशी चारला तो आला. फोन न करता.

"आईनं धाडलंय. नंबर बदलायचा."

"बसा." मी शेतकरी ओळख क्रमांकाचं पान उघडलं. "आधी जुन्या नंबरावर ओटीपी येईल. तो टाकला की हा नंबर निघाला."

"निगाला म्हंजी?"

"म्हणजे मग बाकी सगळीकडचाही काढायचा. ह्यापुढे तुमचं माझ्याकडे काही येणार नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

तो टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. हे मी कुणालाच करू देत नाही, पण मला स्वतःला ते आकडे टाकायचे नव्हते. माझ्या मोबाईलवर टिंग वाजलं. पडद्याच्या कोपऱ्यात दहा मिनिटं उलटी मोजायला लागली.

"सांगा," तो म्हणाला.

"पाच," मी म्हणाले. "शून्य... दोन..."

"पुढं?"

"तीन..." आणि मी मोबाईल पालथा ठेवला.

"तीन टाकलं. पुढं?"

"आकडा नाही हो. तीन फोन आले होते. स्थळांचे. मंडळाच्या कागदावर माझा नंबर आहे. तिघांनाही मी सांगितलं, तुमचं जमलंय म्हणून."

त्याचं बोट कीबोर्डवरच राहिलं. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून त्या कमी होणाऱ्या सेकंदांकडे बघत बोलत राहिले. "पिंपळीचं स्थळ फार चांगलं होतं. मुलगी शेतीतली, शिकलेली. काल तुमची आई इथे बसून रडली. ह्याच खुर्चीवर. आणि मी तिला पाणी दिलं, खरं नाही सांगितलं. तुम्हाला जे बोलायचं ते बोला."

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"मला ठाऊक हाय," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"पंधरा दिसांपूर्वी बारामतीच्या मार्केट यार्डात मोहनराव भेटले. पेरूच्या क्रेटवरचं नाव वाचून थांबले. अभिनंदन केलं, म्हणाले पेढे कवा?" त्यानं मान वर केली. हसत नव्हता, पण डोळ्यांत काहीतरी हललं. "मी म्हणलं, कशाचे? तर म्हणाले, जमलंय न्हवं तुमचं, बारामतीची मुलगी हाय म्हणं, त्या बाईंनीच सांगितलं फोनवर. मी लई इचार केला... बारामतीत मी कुणाला ओळखतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवा सांगताय बघत हुतो. रोज चारला फोन करून तेच तर इचारत हुतो."

"आणि तोवर आईला रडू दिलंत?"

ह्यावर तो ओशाळला. "व्हय," म्हणाला. "चुकलंच. दोघांचं बी."

मग त्यानं विचारलं, अगदी हळू, "का सांगितलं तसं?"

मी टेबलाचा खण ओढला. आत फोमच्या जाळ्या, एकात एक घातलेल्या. अकरा होत्या. त्यानं खणात पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या फेकून द्यायच्या असत्यात."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. म्हणून सांगितलं तसं. दुसरं काही कारण नाही."

त्यानं त्यातली एक जाळी उचलली, उगाच बोटांवर चढवली, काढली. नेहमीसारखा जरासा थांबला. त्या मोकळ्या जागेत ह्या वेळी शब्द आला.

"आसावरी," तो म्हणाला. एवढंच. मला वाटलं होतं, तो माझं नाव चुकीचं उच्चारेल. नाही उच्चारलं.

पडद्यावर आलं: वेळ संपली. पुन्हा ओटीपी पाठवायचा का?

"पाठवायचा?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. माझं सगळं तुमच्याकडंच येऊ द्या." मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "पर आईला सांगायचं. मी न्हाय. तुमी."

केंद्राला कुलूप लावलं आणि त्याच्या मागोमाग बागेतून गेले. पेरूच्या झाडांवर पिशव्या वाऱ्यानं सळसळत होत्या. तो पुढे चालत होता, फांदी आली की धरून ठेवायचा, मी पार होईपर्यंत. बायकांनो, लग्नाआधीच सासूची माफी मागायला जाणं काय असतं, ते मला विचारा.

छबूबाई गोठ्यात धार काढत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नंबर माझा, फोन तीन, खोटं माझं. तिनं धार थांबवली नाही. चरवीत दुधाचा आवाज चालूच राहिला. मी सांगून संपले तरी चालूच.

"तीन आलते?" शेवटी ती म्हणाली.

"तीन."

"चांगले हुते?"

"पिंपळीचं फार चांगलं होतं."

"म्हंजी..." तिनं चष्मा वर केला आणि मनगटानं डोळे टिपले. "म्हंजी माझ्या पोरात खोट न्हाय."

"नाही हो. अजिबात नाही."

म्हशीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. मग छबूबाई उठली, आणि माझ्यासमोर आली. माझ्या खांद्याइतकीच होती.

"महिनाभर माझा जीव टांगून ठिवलास तू. चांगलं न्हाय केलंस."

"नाही केलं."

"त्या मोहनरावास्नी बी फोन करायचा. माफी मागायची."

"करते."

"त्यास्नी काय सांगायचं?" मागून अविराज म्हणाला. "जमलंय, ते तर खरंच हाय की आता."

"तू गप," ती त्याला म्हणाली. मग मला आपादमस्तक बघितलं. "तुमच्यात चालंल का ह्ये? आमचं शेणामुताचं घर."

"मला चालेल."

"तुला न्हाय इचारलं. घरचं कोण हाय तुझं?"

"वडील. दत्तोपंत. पुण्याला असतात."

"नंबर सांग त्यांचा."

अविराजनं मोबाईल काढला. मी दहा आकडे सांगितले. चार महिने लावला नव्हता, तरी एकही चुकला नाही.

"ह्यो तरी खरा हाय का?" छबूबाई म्हणाली. "का ह्यो बी तुझाच?"

अविराज तोंड फिरवून हसला. तिनं फोन लावायला लावला, आणि गोठ्याच्या दारात उभं राहून मोठ्यानं बोलायला लागली. "दत्तोपंत का? मी कळसवरनं छबूबाई बोलती. तुमची लेक हितं हाय, बरी हाय... न्हाय न्हाय, घाबरू नका. चांगली हाय पोरगी. जरा खोटं बोलती, पर येऊन सांगती बी... व्हय. पेरूची बाग हाय आमची. आयतवारी या तुमी, निवांत बोलू."

पावणेसहाची एसटी मला मिळाली. अविराज रस्त्यापर्यंत आला, खिडकीतून पेरू दिला, जाळीसकट. खिडकीशी बसले. गाडी सुटली, तो मागे लहान होत गेला, आणि नेहमीसारखी रिकाम्या घराची आठवण झाली. दोन खोल्या, तीन कंगवे, आणि तो चौथा.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सवयीनं, कुणाचं काम ते बघायला, मी अर्जांची वही काढायला पिशवीत हात घातला. मग नाव दिसलं. बाबा.

"आशू," ते म्हणाले. आवाज जरा म्हातारा झाला होता. "एक बाई काहीतरी सांगत होत्या. मला निम्मंच कळलं. तू कामात असशील, मी नंतर करू का?"

मध्येच टिंग झालं. कुणाचा तरी ओटीपी. दहा मिनिटांत संपणार होता. मी तो उघडला नाही.

"नाही बाबा," मी म्हणाले. "बोला तुम्ही. मला वेळ आहे."